बैठकीतला कॉम्प्युटर: पैसा कुठे घालावा, कुठे वाचवावा

भिंतीवर मोठा टीव्ही लागला की घरात पुढची मागणी ठरलेली असते: याला कॉम्प्युटर जोडला तर? मुलांना सिनेमे आणि क्रिकेट मोठ्या पडद्यावर हवे असतात. अम्मीला मोबाइलमध्ये अडकलेले निकाहाचे फोटो आणि व्हिडिओ सगळ्यांना एकत्र दाखवायचे असतात. त्यातच बारावीतली मुलगी सांगते की लेक्चर आणि सराव परीक्षा मोबाइलवर जमत नाहीत. अब्बांनी बाजूला काढलेली रक्कम मात्र एकच असते. त्या एका रकमेत सगळ्यांचे कसे भागवावे, ते या महिन्यात पाहू.

आधी एक सरळ गोष्ट. नुसते सिनेमे आणि यूट्यूब पाहायचे असेल तर कॉम्प्युटर घेऊच नका. टीव्ही स्मार्ट असेल तर काहीच लागत नाही. नसेल तर एचडीएमआयच्या खाचेत लावायची स्ट्रीमिंग स्टिक पुरते, आणि ती कितीतरी स्वस्त पडते. कॉम्प्युटर घ्यावा तो त्यावर अभ्यास, अर्ज, टायपिंग, हिशेब होणार असतील तरच. म्हणजे हा खर्च अभ्यास करणाऱ्या मुलामुळे योग्य ठरतो. म्हणून निवड करताना त्याचे म्हणणे आधी ऐका.

दुकानात गेल्यावर पहिला मोह ग्राफिक्स कार्डाचा. चित्रपट पाहायला वेगळे कार्ड लागत नाही. प्रोसेसरमध्येच असलेले ग्राफिक्स पुरेसे असते. मात्र नाव नीट वाचा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या आकड्यापुढे ‘एफ’ हे अक्षर असते, त्यात ग्राफिक्स नसतात. तो थोडा स्वस्त मिळतो, पण मग कार्ड घ्यावेच लागते आणि वाचवलेले पैसे दुपटीने जातात. एएमडीच्या रायझन 5 5600मध्येही ग्राफिक्स नाहीत, 5600जीमध्ये आहेत. फरक एका अक्षराचा, पण खर्च मोठा.

दुसरा मार्ग म्हणजे कार्यालयांतून निघालेले जुने कॉम्प्युटर. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर ही नावे ऐकली असतील. यात पिढी पाहणे महत्त्वाचे. ‘आय5-8500’ असे लिहिले असेल तर ती आठवी पिढी, ‘आय5-12400’ असेल तर बारावी. आठवीच्या खाली जाऊ नका. विंडोज 10चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालते. लिनक्स मोफत आहे, अभ्यासालाही चांगले आहे. पण काही ओटीटी कंपन्या त्यावर पूर्ण दर्जाचे चित्र देत नाहीत, हे आधीच माहीत असलेले बरे. या जुन्या यंत्रांना पुष्कळदा एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्ट असतो. मग जोडणारी केबल वेगळी घ्यावी लागते.

2025च्या अखेरीपासून रॅमचे भाव जगभर चढले. एआयच्या डेटा सेंटरांनी मोठा माल ओढून घेतला, त्याची झळ आपल्या गल्लीतल्या दुकानापर्यंत आली. रॅमसकट मिळणारा जुना कॉम्प्युटर म्हणूनच परवडू शकतो. 8 जीबी रॅमवर घरचे काम भागते. हार्ड डिस्क मात्र जुनी वापरू नका. 256 जीबीची नवी एसएसडी बसवा. जुने यंत्र नव्यासारखे पळते ते तिच्यामुळेच.

आता आपल्या भागाची गोष्ट. अकोल्यात मे महिन्यात पारा 45च्या पुढे जातो, अमरावती काही फार मागे राहत नाही. पुण्या-मुंबईत तयार होणाऱ्या खरेदीच्या याद्यांत ही गोष्ट नसते. चकाकत्या दिव्यांच्या कॅबिनेटवर खर्च करण्यापेक्षा तो एसएमपीएसवर करा, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज देणाऱ्या डब्यावर. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला बिननावाचा एसएमपीएस व्होल्टेज कमीजास्त झाल्यावर स्वतः जातो आणि कधी कधी मदरबोर्डलाही घेऊन जातो. जुने यंत्र घेतले असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलून आणि पंखा साफ करूनच ताब्यात घ्या.

यंत्र टीव्हीखालच्या बंद शोकेसमध्ये ठेवू नका. कूलरच्या थेट झोतातही नको. ओलसर हवा आणि धूळ एकत्र आली की आत तिचा थर बसतो. घराचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात अधूनमधून पाणी टाकायला हवे. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर यूपीएस मोडचे बटण आहे का ते पाहा. लाइट गेल्यावर कॉम्प्युटर बंद पडू नये यासाठी ते असते.

आवाजासाठी लगेच नवा होम थिएटर संच नको. एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर आवाजही टीव्हीत जातो. घरात जुने स्पीकर असतील तर ते टीव्हीच्या किंवा कॉम्प्युटरच्या हेडफोनच्या खाचेत लावून पाहा. हौस पुढच्या वर्षी.

मुलीच्या अभ्यासाचे काय? कॉम्प्युटर बैठकीतल्या टीव्हीला कायमचा जोडला तर पाहुणे आले की तिचा अभ्यास थांबतो, सामना सुरू झाला की थांबतो, भाऊ रिमोट घेऊन बसला की थांबतो. रक्कम तिच्या नावाने काढली आणि यंत्र इतरांचे झाले, असे होते. म्हणून शक्य असेल तर छोटा कॉम्प्युटर घ्या, ज्याला बाजारात मिनी पीसी किंवा टायनी म्हणतात. इंटेलचा एन100 हा 6 वॅटचा प्रोसेसर असलेली यंत्रे 2023पासून मिळतात. ती पुस्तकाएवढी असतात. असे यंत्र 20 वॅट वीज घेते असे धरले आणि रोज पाच तास चालले, तरी महिन्याला 3 युनिटच होतात. सोबत एक जुना मॉनिटर घेऊन तिच्या टेबलावर ठेवा. यंत्र दिवसभर तिथे राहील आणि रात्री जेवणानंतर उचलून टीव्हीला लागेल. मोठे कॅबिनेट असे रोज कोणी हलवत नाही. साउंडबारचे पैसे मॉनिटरला द्या, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शेवटी खरेदीचे ठिकाण. नागपूरला सीताबर्डीत काही वस्तू स्वस्त मिळतीलही. पण एखादा भाग बिघडला तर अमरावतीहून सुमारे दीडशे आणि अकोल्याहून सुमारे अडीचशे किलोमीटर जावे लागेल, वर एक दिवसाची मजुरी बुडेल. चार पैसे जास्त गेले तरी आपल्या शहरातला दुकानदार बरा. पक्के जीएसटी बिल घ्या, प्रत्येक भागाचा सीरियल नंबर त्यावर लिहून घ्या, आणि जुन्या मालावर किती महिन्यांची हमी आहे ते तोंडी न ठेवता कागदावर मागा. दुकानातच एक व्हिडिओ अर्धा तास चालवून पाहा: यंत्र किती तापते, पंखा किती ओरडतो, ते तिथेच कळेल.

घरी आल्यावर यंत्राच्या वेळा आधी मुलीला विचारून ठरवा. टीव्हीच्या वेळा त्यानंतर.