सीटीच्या आधीचा डॉक्टर

नागपूरहून बुटीबोरी, सेलडोह मागे टाकून वर्ध्याकडे निघाले की सुमारे पन्नास किलोमीटरवर केळझर लागते. इथला सिद्धिविनायक विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. भीमाने बकासुराला मारले ती एकचक्रानगरी हीच, अशी गावाची श्रद्धा आहे. चतुर्थीला दर्शनासाठी दुचाक्यांची रीघ लागते आणि त्यांत हेल्मेट फार थोड्या डोक्यांवर असते. राष्ट्रीय महामार्ग ३६१ वरची वाहतूक रात्रीही थांबत नाही. बोर व्याघ्र प्रकल्प याच सेलू तालुक्यात असल्याने अंधार पडल्यावर रोही किंवा रानडुक्कर अचानक गाडीपुढे येणे इथे नवे नाही.

अशा ठिकाणी डोक्याला मार लागून कोणी पडले, तर उपचार फार लांब आहेत असे म्हणता येत नाही. एका बाजूला नागपूरचे मेडिकल आणि मिहानमधले एम्स, दुसऱ्या बाजूला सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे आचार्य विनोबा भावे रुग्णालय. सीटी दोन्हीकडे आहे, शस्त्रक्रियेची सोय दोन्हीकडे आहे. गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या डॉक्टरला हेवा वाटावा अशी ही जागा. म्हणूनच खरा प्रश्न इथे अधिक स्पष्ट दिसतो: मधल्या वेळात रुग्णासाठी काय होते?

मेंदूला पहिल्या धक्क्यात झालेली इजा कोणीही परत फिरवू शकत नाही, न्यूरोसर्जनसुद्धा नाही. पण त्यानंतर प्राणवायू कमी पडून, रक्तदाब घसरून, कवटीतला दाब वाढून जी दुसरी इजा होते, ती टाळता येते. ती सीटीच्या टेबलाची वाट पाहत नाही. रस्त्याच्या कडेला, १०८ च्या गाडीत, ग्रामीण रुग्णालयाच्या ड्रेसिंग रूममध्येच ती सुरू झालेली असते. तरीही ‘डोक्याचं आहे, लगेच पुढे न्या’ हा सल्ला हाच उपचार समजला जातो. ‘हेड इंज्युरी, रेफर्ड’ एवढी एक ओळ लिहून रुग्ण पुढे पाठवणारा डॉक्टर रुग्णाचा मोलाचा वेळ हातातून घालवतो, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

याला पुरावा जुना आहे. रँडल चेसनट आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले, की डोक्याच्या गंभीर दुखापतीत वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला, तरी मृत्यूचे प्रमाण दुपटीच्या आसपास जाते. ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी ही मर्यादा आणखी वर नेली. १५ ते ४९ वयोगटात आणि सत्तरीच्या पुढे वरचा दाब किमान ११० हवा, ५० ते ६९ मध्ये किमान १००. म्हणजे १०० वर दाब असलेल्या पंचविशीच्या तरुणाला ‘बीपी ठीक आहे’ म्हणून सोडून देणे आता बरोबर नाही.

ॲरिझोना राज्यात याच कल्पनेची मोठी परीक्षा झाली. तिथल्या रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांना तीन गोष्टी शिकवण्यात आल्या: प्राणवायू पहिल्या मिनिटापासून भरपूर द्या, रक्तदाब पडू देऊ नका, आणि अंबू बॅग भराभर दाबू नका. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकवीस हजारांहून अधिक रुग्ण होते. सगळे रुग्ण एकत्र धरले तर फरक ठळक नव्हता. पण गंभीर दुखापतीच्या गटात जगण्याची शक्यता जवळपास दुप्पट झाली, आणि त्या गटात ज्यांना नळी घातली होती त्यांच्यात सुमारे तिप्पट. यात कोणतेही महागडे औषध नव्हते. ऑक्सिजनचा सिलिंडर, सलाइन, बीपीचे यंत्र आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर एवढेच लागले. हे सगळे आपल्याकडच्या रुग्णवाहिकेतही असते.

अंबू बॅगेबद्दल थोडे थांबायला हवे, कारण ही चूक मन लावून काम करणाऱ्याच्याच हातून होते. घाबरलेला हात मिनिटाला पंचवीस-तीस वेळा बॅग दाबतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि आधीच तहानलेल्या मेंदूचा रक्तपुरवठा आणखी घटतो. मोठ्या माणसाला मिनिटाला साधारण दहा श्वास पुरतात. सहा सेकंदांनी एकदा, हे तोंडाने मोजत राहिले तरी काम होते.

रक्तदाबाचे दुसरे अंग असे, की मोठ्या माणसाच्या कवटीच्या आत इतके रक्त साठू शकत नाही की त्याने तो शॉकमध्ये जाईल. डोक्याला मार आहे आणि दाब पडलेला आहे, तर रक्त दुसरीकडे जाते आहे: पोटात, छातीत, ओटीपोटाच्या हाडांत, मांडीत, किंवा पट्टीखाली वाहत राहिलेल्या टाळूच्या जखमेतून. टाळूला दोन-चार घट्ट टाके घालणे हा प्राण वाचवणारा उपचार ठरू शकतो, लहान मुलांत तर विशेष. मान आणि पोट नजरेआड होऊ नये याची आठवण महाराष्ट्राला ३ जून २०१४ ने दिली आहे. दिल्लीतल्या अपघातात गोपीनाथ मुंडे यांचा जीव मानेच्या मणक्याच्या आणि यकृताच्या इजेने गेला.

आता ग्लासगो स्कोअर. ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो मांडला, तेव्हा त्यांचा हेतू एका डॉक्टरने पाहिलेले दुसऱ्याला नेमके कळावे हा होता. आपल्याकडे मात्र ‘जीसीएस १०’ असा एकच आकडा लिहिण्याची सवय पडली आहे. डोळे, बोलणे आणि हालचाल यांचे गुण वेगवेगळे लिहिले नाहीत, तर त्या आकड्यातून फारसे काही कळत नाही. डोळे उघडे आहेत, हात जिथे दुखते तिथे जातो, पण तोंडातून शब्द नाही, तोही १०. आवाज दिल्यावर डोळे उघडतो, असंबद्ध शब्द बोलतो आणि दुखवल्यावर हात नुसता मागे घेतो, तोही १०. हे दोन रुग्ण सारखे नाहीत.

बोलण्याचे गुण देताना भाषेकडे लक्ष हवे. बुटीबोरीच्या कारखान्यांत आणि महामार्गावरच्या ट्रकवर उत्तर प्रदेश, बिहारचे लोक आहेत. त्यांना मराठीत ‘आज कोणता वार?’ विचारून उत्तर आले नाही म्हणून गुण कापणे चूक आहे. उलट बाजूने, नाव सांगितले म्हणजे शुद्धीवर आहे असेही नाही. नाव, गाव, आत्ता कुठे आहात, कोणता महिना, हे सगळे विचारावे. सोबतच्या माणसाला ‘हा रोज असाच बोलतो का?’ असे विचारावे. आणि तोंडाला दारूचा वास आला तर अधिक सावध व्हावे. गुंगी दारूची आहे हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा असतो. त्याआधी ग्लुकोमीटरवर साखर बघायची असते आणि डोळ्यांच्या बाहुल्या दर पंधरा मिनिटांनी.

चालत आलेला रुग्णही फसवतो. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात क्लब सामन्यात फॉरवर्ड शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभ्या असलेल्या रमण लांबा यांच्या कपाळाच्या बाजूला चेंडू लागला. ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले. थोड्याच वेळात शुद्ध हरपली, शस्त्रक्रिया झाली, पण तीन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. मधला तो ‘बरा’ वाटणारा काळ प्रत्येक पुस्तकात आहे, तरी घरी जातो म्हणणाऱ्या रुग्णाला आपण जाऊ देतो. बेशुद्धी, विस्मरण किंवा गोंधळ झालेल्या रुग्णासाठी कॅनेडियन सीटी हेड रूल २००१ पासून हाताशी आहे. दोन तासांनंतरही स्कोअर १५ नाही, कवटी फुटल्याची शंका, कानातून पाणी किंवा डोळ्यांभोवती काळे, दोन किंवा अधिक उलट्या, वय ६५ किंवा जास्त: यातले एक असले तरी सीटी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हा नियम लावायचाच नाही, तिथे सीटीकडेच कल ठेवावा.

औषधांत सर्वांत आधी एक बंद व्हायला हवे. डोक्याला मार म्हणून डेक्सा टोचणारे हात अजून आहेत. क्रॅश चाचणीत १०,००८ रुग्णांवर स्टेरॉइडची पारख झाली. २००४ मध्ये निकाल आला: दोन आठवड्यांत स्टेरॉइड गटात २१.१ टक्के मृत्यू, दुसऱ्या गटात १७.९ टक्के. सूज उतरावी म्हणून दिलेले औषध माणसे दगावण्यास कारण ठरत होते. यानंतर वादाला जागा उरत नाही.

ट्रॅनेक्सामिक ॲसिडची गोष्ट वेगळी. २०१९ च्या क्रॅश-३ मध्ये १२,७३७ रुग्ण होते. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत एकूण फरक निर्विवाद ठरला नाही, पण सौम्य व मध्यम दुखापतीत डोक्याच्या इजेने होणारे मृत्यू स्पष्टपणे घटले. पहिला एक ग्रॅम दहा मिनिटांत, पुढचा आठ तासांत. स्वस्त, सगळीकडे मिळणारे आणि वेळेला बांधलेले हे औषध पहिल्या डॉक्टरच्या हातातच जास्त उपयोगी आहे. मॅनिटॉल मात्र सवयीने लावू नये. बाहुली एका बाजूला मोठी होत असेल, स्कोअर घसरत असेल आणि रक्तदाब चांगला असेल, तर पुढच्या रुग्णालयाशी फोनवर बोलून द्यावे. दाब पडलेल्या रुग्णाला ते घातक आहे. पाच टक्के डेक्स्ट्रोजची बाटली तर या रुग्णाच्या जवळही नको.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली होती. पोलिसांच्या भीतीने उपचार थांबू नयेत असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सांगितले आहे, आणि मे २०२५ पासून अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाखाची रोकडरहित योजना लागू आहे. नातेवाइकांना हे सांगणे डॉक्टरचेच काम.

वाचक डॉक्टरांना विनंती आहे, की पुढच्या रुग्णापासून रेफरच्या चिठ्ठीवर सहा गोष्टी घड्याळाच्या वेळेसह लिहाव्यात: अपघाताची वेळ, डोळे-बोलणे-हालचाल यांचे वेगवेगळे गुण, दोन्ही बाहुल्या, रक्तदाब, ऑक्सिजनची टक्केवारी आणि दिलेली औषधे. गाडी सुटण्याआधी पुढच्या कॅज्युअल्टीला फोन करावा. आणि पुढच्या रुग्णालयातल्या वरिष्ठांनी, रुग्णाचे पुढे काय झाले हे त्या चिठ्ठीवर सही करणाऱ्याला कळवण्याची पद्धत आपल्या विभागात सुरू करावी.