आधी ‘नको’ म्हणायला शिका



हल्ली आपल्या समाजातल्या पुष्कळ बायका परदेशी सहलीला जातात. बॅगेत खाकरे, दशम्या, चिवडा सगळं असतं. पण सकाळी कपभर कॉफी हवी असली की आपण मुलाच्या नाहीतर टूर मॅनेजरच्या तोंडाकडे बघतो. का? तर भाषा येत नाही.

मला हे कारण पटत नाही. श्रवणबेळगोळच्या यात्रेत आपल्याला कुठे कन्नड येत असते? तरी ‘कापी’ म्हटलं की कॉफी येते आणि साखर नको असेल तर ‘सक्करे बेडा’ एवढं दोन दिवसांत जमतं. परदेशातही तसंच आहे. अरबीत कहवा, तुर्कीत काहवे, इटलीत काफ्फे, जपानमध्ये कोही, व्हिएतनाममध्ये का फे. कॉफी हा शब्द जगभर आपल्या ओळखीचाच आहे. आपल्याला खरा लागतो तो ‘बेडा’, म्हणजे ‘नको’.

कारण आपला प्रश्न कॉफीचा नाही, तिच्यात आणि तिच्यासोबत काय येतं याचा आहे. हनोईत अंड्याची कॉफी प्रसिद्ध आहे. 1946 साली दुधाची टंचाई होती, तेव्हा अंड्याचा बलक फेटून ती सुरू झाली. त्यांच्या भाषेत अंडं म्हणजे ‘चुंग’ आणि दूध म्हणजे ‘सुआ’. एवढे दोन शब्द माहीत असले की निम्मी काळजी मिटते. नेदरलँड्स-बेल्जियममध्ये कॉफीच्या बशीत छोटं बिस्कीट येतं, त्यात अंडं असू शकतं. हॉट चॉकलेटवरच्या मार्शमॅलोत बहुधा जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. इटलीत नुसतं ‘लाते’ मागितलं तर कॉफी येत नाही, दूध येतं. ते आपल्याला चालतं!

आणखी एक. तिकडे ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की अंडं चालतं असं धरतात. आपल्यासारखा हिरवा ठिपका सगळीकडे नसतो. म्हणून ‘मी व्हेज आहे’ एवढं सांगून भागत नाही. अंडं नको, मांस नको, जिलेटिन नको, मध नको असं एकेक नाव घेऊन सांगावं लागतं. निघण्यापूर्वी घरीच या चार ओळी त्या देशाच्या लिपीत कागदावर लिहून घ्या आणि पर्समध्ये ठेवा. व्हिएतनामी, थाई या सुरांच्या भाषा आहेत, आपला उच्चार चुकायचाच. कागद चुकत नाही. मोबाइलमध्ये भाषांतराचं ॲप असेल तर ती भाषा आधीच डाउनलोड करा, म्हणजे इंटरनेट नसलं तरी चालेल. युरोपात 14 ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यात अंडं येतं, म्हणून ती यादी खुशाल मागा. जिलेटिन मात्र त्या यादीत नाही, ते वेगळं विचारावं लागेल.

थायलंडमध्ये ‘जे’ अशी पिवळ्या फलकावर लाल अक्षरं दिसली तर तिथे मांस, अंडं, दूध आणि कांदा-लसूणही नसतो. कंदमुळं मात्र असू शकतात, आणि दूध नसल्यामुळे कॉफी काळी किंवा सोयाची मिळेल.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? आठ दिवस कॉफी नाही प्यायली तर काय बिघडतं? कॉफीवाचून काहीच बिघडत नाही. पण जी बाई कॉफी मागायला संकोचते, ती तब्येत बिघडली तर औषध मागायलाही संकोचते, बाथरूम कुठे आहे हेही विचारत नाही. दिवसभर पाणी न पिता फिरते. याला मी तप म्हणणार नाही. तप आपण मनाने घेतो, हे तर भिडेपोटी सोसणं झालं.

दुसऱ्या काही जणी म्हणतात, बाहेर गेल्यावर थोडं चालवून घ्यावं. तेही मला मान्य नाही. नियम आपला आहे, तर विचारायची जबाबदारीही आपलीच. ती मुलावर किंवा टूर मॅनेजरवर टाकून निश्चिंत होता येत नाही. आणि विचारण्यात लाज कसली? इथे यवतमाळच्या बेकरीत ‘केक बिनअंड्याचा आहे ना?’ असं आपण दहादा विचारतोच की!

तेव्हा यंदा कुणाच्या घरून सहल निघणार असेल तर कागदाच्या दोन प्रती करा, एक सासूबाईंच्या पर्समध्ये, एक सुनेच्या. आणि काउंटरवर बाईनेच पुढे व्हा.

जय जिनेंद्र!