रस्सीखेचीचा दोर

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मला 'टोचनकाका' असे नाव पडले आहे. ज्यांना प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी कर्द्याच्या समुद्रावर गेली होती. पुतण्याने त्याची नवी गाडी (उंच, दणकट, जाहिरातीत डोंगर चढताना दाखवतात त्यातली, पण ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना) थेट पुळणीवर घातली. 'गाडी नेऊ नका' असा फलक होता, तो त्याने वाचलाही होता. पाच मिनिटांत चाके रुतली. मग सगळे जे करतात तेच त्याने केले, अॅक्सिलरेटर दाबला. रेती मागे उडाली आणि गाडी पोटावर बसली. भरती लागायला तासभर होता.

गर्दी जमली. एकाने होडीचा हिरवा दोर आणला, तो आखूड पडला म्हणून दुसऱ्याने आपल्याकडचा तुकडा त्याला गाठ मारून जोडला. तिसरा तो बंपरला बांधायला वाकला. सूनबाई मोबाइल घेऊन बरोबर दोराच्या रेषेत, चित्रीकरणाच्या तयारीत. आणि मग म्हणे मी ओरडलो. इतका ओरडलो की शहाळेवाला शहाळी सोडून बघायला आला. सगळ्यांना पन्नास-साठ पावले लांब हाकलले, पोरांना तर खेकसूनच. 'आधी फावडे आणा' म्हणालो. पुतण्याला गाडीतून उतरवून चाकांपुढची रेती उपसायला लावली. चाकांतली हवा निम्म्याने कमी करायला लावली. अर्धा तास गेला. मग ट्रॅक्टर हळूच पुढे गेला आणि गाडी एका दमात, लोण्यातून केस काढावा तशी बाहेर आली.

"काका, दोर तर तुटलाच नाही! उगाच एवढा तमाशा केलात." हे पुतण्याचे वाक्य. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला आहे, त्यात मी पी.टी.च्या मास्तरांसारखा दिसतो हेही मान्य. पण तमाशा उगाच नव्हता, आणि का नव्हता ते आज लिहूनच टाकतो.

आधी शब्दाबद्दल, कारण मराठीच्या मास्तराला राहवत नाही. 'टोचन' हा आपल्याकडच्या ड्रायव्हर लोकांनी घडवलेला शब्द. टो चेन, त्याचे टोचन. 'गाडी टोचन करून आणली' असे सर्रास म्हणतात. पण या एका शब्दात आपण दोन अगदी वेगळी कामे कोंबली आहेत आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. बंद पडलेली गाडी सडकेवरून गॅरेजपर्यंत ओढत नेणे हे एक काम. रुतलेली गाडी चिखलातून वा रेतीतून उपटून काढणे हे दुसरे. पहिल्यात गाडी चाकांवर सहज फिरत असते, जोर बेताचाच लागतो. दुसऱ्यात जमीन तिला धरून बसलेली असते, आणि लागणारा जोर गाडीच्या वजनाइतका, कधी त्याहूनही जास्त होऊ शकतो. दोन कामांना दोर वेगळे, बांधायच्या जागा वेगळ्या, धोकेही वेगळे. आपण मात्र डिकीत असेल तो दोर घेतो आणि दिसेल तिथे अडकवतो.

आता जी गोष्ट घरात कुणालाच ठाऊक नाही ती सांगतो.

१९८३ चा जुलै. मी तेव्हा ज्या शाळेत होतो तिथे तपासणीला साहेब जीपमधून आले. शाळेच्या अलीकडे शेताकडेची कच्ची वाट होती, तिथे जीप चिखलात बसली. चिऱ्यांचा एक ट्रक आयताच मिळाला. दोर नव्हता. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिले, कारण खेळाच्या साहित्याची किल्ली माझ्याकडे होती. शाळेने त्याच वर्षी रस्सीखेचीसाठी नवा कोरा नायलॉनचा दोर घेतला होता. पांढराशुभ्र, मनगटाएवढा जाड. मी तो मोठ्या अभिमानाने खांद्यावर टाकून आणला. जीपच्या पुढे लोखंडी हूक होता त्याला तो मीच बांधला. दहावीचा वर्ग बघायला आला होता, त्याला मी परत पाठवले नाही. उलट 'या, गंमत बघा' असेच म्हणालो असेन.

ट्रकने पहिला झटका दिला. जीप हलली नाही, दोर मात्र ताणून लांब झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा ट्रक मागे आला, दोर ढिला पडू दिला आणि जोरात पुढे गेला.

दोर तुटला नाही. दोर उत्तमच होता. जीपचा हूक त्याच्या पट्टीसकट उपटला आणि दोराबरोबर ट्रकच्या दिशेने गेला. जाताना दिसला नाही. आवाज तेवढा आला. आमचे शिपाई मुलांना 'मागे सरा, मागे सरा' करत दोराजवळून चालले होते, त्यांच्या नडगीवर तो बसला. हाड दोन ठिकाणी मोडले. पुढे निवृत्त होईपर्यंत ते लंगडत घंटा द्यायला जात. मुलांना मागे घेण्याचे काम माझे होते, ते त्यांनी केले.

शाळेच्या नोंदवहीत 'चिखलात पाय घसरून पडले' असे लिहिले आहे. अक्षर माझे आहे.

असो. त्यानंतर आमच्या विज्ञानाच्या सरांनी मला फळ्यावर जे समजावले ते आजतागायत डोक्यात आहे. नायलॉन ताणला जातो. ताणताना तो जोर साठवून ठेवतो, अगदी बेचकीच्या रबरासारखा. बेचकीत दगड कोण? तर जे सुटेल ते. दोर तुटला तर दोराचे टोक, हूक उपटला तर हूक. दोर जितका मजबूत आणि ताणणारा, तितका साठा मोठा. शिवाय ओढणारी गाडी दुप्पट वेगाने आली तर तिच्यातली ऊर्जा चौपट होते. म्हणजे 'जरा जोरात घे रे' हे आपल्याकडचे लाडके वाक्य प्रत्यक्षात काय मागत असते ते बघा.

रस्सीखेचीला नायलॉन घेणे ही मुळातच चूक होती हेही मला फार उशिरा कळले. १९९७ च्या ऑक्टोबरात तैवानमध्ये तैपेई शहरात दीड हजारावर माणसांची रस्सीखेच झाली. नायलॉनचा दोर तुटला आणि दोन माणसांचे हात तुटले, ते पुढे शस्त्रक्रियेने जोडावे लागले. तिथे ना ट्रक होता ना जीप, नुसती माणसे ओढत होती. पेपरात ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता दोर घ्यायचा तर कोणता? माझे मत स्पष्ट आहे. दोन्ही टोकांना लोखंडी आकडे लावलेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळणारा स्वस्त पिवळा दोर घेऊ नका. त्यात सगळ्यात कच्चे असतात ते आकडेच, आणि उडाले की घात करतात तेही तेच. टोकाला शिवलेले फासे असलेला चपटा पट्टा घ्यावा आणि तो चांगल्या शॅकलने अडकवावा. शॅकलवर किती टनांचा भार चालतो ते कोरलेले असते, नसेल तर तो गेटाला कडी म्हणून वापरावा. पट्ट्यावरच्या आकड्याकडेही डोळे उघडून बघा. '५ टन' लिहिलेले असते, पण ते पाच टनाला तुटतो म्हणून की पाच टनापर्यंत बिनधोक वापरा म्हणून? दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. दुकानदाराला सांगता आले नाही तर दुसऱ्या दुकानात जावे. तुटण्याचा आकडा भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट तरी हवा.

सडकेवर ओढायला आणि ट्रॅक्टरने सावकाश खेचायला फारसा न ताणणारा पॉलिएस्टरचा पट्टा बरा. नायलॉनचा खास ताणणारा दोर मिळतो, तो रुतलेली गाडी दुसऱ्या गाडीने हिसका देऊन काढण्यासाठीच केलेला असतो. पण ते जाणकाराचे काम, आणि दोन्ही गाड्यांना चासीला पक्के बसवलेले हूक असतील तरच. होडीचा हिरवा-निळा दोर पॉलिप्रॉपिलीनचा, तो पाण्यावर तरंगतो म्हणून दर्यावर्दी लोकांना प्रिय. उन्हाने तो ठिसूळ होतो आणि घासून तापला की लवकर वितळतो. होडीवरून निवृत्त झालेला दोर गाडीला लावणे म्हणजे... जाऊ दे. आणि गाठ तर अजिबात नको. गाठीपाशी दोराची ताकद निम्म्यावर येते असे धरून चालावे. पोलादी वायररोप ताणत नाही म्हणून सुरक्षित, हाही गैरसमज. तुटला की तो चाबकासारखा येतो.

कर्द्याला ट्रॅक्टर घेऊन आला तो माझाच जुना विद्यार्थी. सीझनला आठवड्याला एखादी तरी गाडी काढतो. त्याच्याकडे क्रेनवाले वापरतात तसा चपटा पट्टा होता. "सर, तुम्ही म्हणाल तसं," म्हणाला आणि सीटवर बसून राहिला, पुतण्याची घाई त्याने मनावर घेतली नाही. गाडीच्या टूलकिटमध्ये आटे फिरवून बसवायचा हूक असतो, हे पुतण्याला माहीतच नव्हते! बंपरवरची चौकोनी टोपी काढली की मागे त्याची जागा. (काही गाड्यांत आटे उलटे असतात, फिरेना म्हणून हातोडी घेऊ नका.) हा हूक मुळात सडकेवर ओढण्यासाठी दिलेला, त्याला हिसका सोसत नाही. म्हणून तर आधी रेती उपसायची, हवा कमी करायची, म्हणजे जोरच थोडा लागतो. मग सरळ रेषेत, दोर ताठ करून, सावकाश. बंपरला, अॅक्सलला, स्टिअरिंगच्या रॉडला दोर बांधू नये. मागे ट्रेलर जोडायचा गोळा असतो त्याला तर मुळीच नाही. ऑस्ट्रेलियात तो गोळा तुटून उडाल्याने माणसे गेली आहेत.

दोराच्या मधोमध मी ओले गोणपाट टाकायला लावले त्यावरही पुष्कळ हसून झाले आहे. दोर सुटला तर ते वजन त्याला खाली पाडते, उसळू देत नाही. पूर्ण भरवशाचे नाही, पण फुकट मिळते. गाडीत फक्त चालवणारा, बाकी सगळे खाली. आणि बघे दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब, दोराच्या रेषेत तर कुणीच नाही. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे हेच आणि सगळ्यात अवघडही हेच. चांगला पट्टा पैसे टाकून मिळतो. पण चार अनोळखी माणसे मदतीला धावून आली असताना त्यांना 'लांब व्हा' म्हणणे आपल्या जिभेवर येत नाही. उद्धटपणा वाटतो. मदतीला आलेला माणूस दोराला हात लावणारच, गाडीला खांदा देणारच. त्यांच्या चांगुलपणाबद्दल शंका नाही, पण ते उभे कुठे राहतात हे बघणे गाडीवाल्याचे काम आहे. तो वाईट होईल तर होऊ दे.

सडकेवरच्या टोचनाबद्दल फार लिहीत नाही. इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा कडक लागतो आणि स्टिअरिंग जड होते, हे मागच्या गाडीत बसणाऱ्याला आधी सांगावे. किल्ली फिरवलेली असावी, नाहीतर स्टिअरिंग लॉक होते. १९८९ च्या नियमांत दोन गाड्यांमधले अंतर ५ मीटरहून जास्त नको, वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत आणि दोर इतरांना ठळक दिसायला हवा, असे होते. २०१७ साली त्या नियमांची जागा नव्यांनी घेतली, पण अंतर आणि वेगाचे ते आकडे मी अजूनही पाळतो. ऑटोमॅटिक आणि विजेवरच्या गाड्या शक्यतो ओढूच नयेत, त्या उचलून नेणारी गाडी बोलवावी. (आणि बंद स्कूटरला पाय लावून ढकलत नेणाऱ्या वीरांबद्दल पुन्हा कधीतरी.)

शिपाईमामा २००९ साली गेले. त्याआधी मी दोनदा त्यांच्या घरी जाऊन आलो. नोंदवहीचा विषय काढायचा असे दोन्ही वेळा ठरवून गेलो होतो आणि दोन्ही वेळा चहा पिऊन आलो.

पुतण्याला एक पट्टा, दोन शॅकल आणि घडीचे फावडे कुरियरने पाठवले आहे. फावड्याने डिकीत जागा अडते, अशी सूनबाईंची तक्रार येणार हे गृहीत धरले आहे. पार्सल पोचल्याचा फोन अजून आलेला नाही.