धर्मपित्याची पेटी

‘द गॉडफादर’च्या तिन्ही भागांची डीव्हीडी-पेटी २००१ साली निघाली. १९७२च्या पहिल्या भागात मायकल कॉर्लिओन भाच्याचा धर्मपिता म्हणून सैतानाचा त्याग उच्चारतो, आणि त्याच घटकेला त्याच्या हुकमाने माणसे मारली जातात. हा स्नानसंस्काराचा उपहास, सबब पेटी ख्रिस्ती घरात नको, हे मत आम्हांस मान्य नाही. उपहास आहे तो खोट्या उत्तराचा. तशी उत्तरे आपणही, छायाचित्रकाराकडे पाहत, देतोच की!

आमचा खरा राग १९९०चा तिसरा भाग ‘फसलेला’ म्हणून न पाहणाऱ्यांवर आहे. सख्ख्या भावाचा खून करविल्याची कबुली मायकल रडत देतो ती याच भागात. आणि हा माणूस बदलायचा नाही हे ओळखूनही कार्डिनल लाम्बेर्तो त्याला पापक्षमा देतात. पहिल्या दोन भागांच्या सहा तासांत असा एक क्षण तरी आम्हांस दाखवावा.