मर्यादा कोणासाठी?

पन्नास टक्क्यांची रेषा अनुल्लंघ्य आहे, असे ५ मे २०२१ रोजी आपल्या ज्ञातिबांधवांपैकी पुष्कळांनी मोठ्या आवेशाने सांगितले. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्या २०१८ च्या कायद्यातील मराठा आरक्षण रद्द ठरवून, १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातील मर्यादा पुन्हा उचलून धरली होती. निकाल योग्यच होता. आरक्षण अल्पसंख्य जागांपुरतेच असावे, एरवी समान संधीचे तत्त्वच उरणार नाही, हे खुद्द बाबासाहेबांनी ३० नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बजावले होते.

पुढे ७ नोव्हेंबर २०२२ उजाडला. आर्थिक दुर्बलांचे दहा टक्के आरक्षण पाचांपैकी तीन न्यायमूर्तींनी वैध ठरविले. मर्यादा लवचिक आहे, आणि तीही मागासवर्गीयांच्या आरक्षणापुरतीच, असे तेव्हा प्रतिपादन झाले. या दहा टक्क्यांतून अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग वगळलेले आहेत. त्या दिवशी अनुल्लंघ्य रेषेचे स्मरण आपल्यापैकी किती जणांस झाले? मराठ्यांपुढे जी दगडी भिंत होती, ती आपल्यापुढे पडदा झाली!

गुणवत्तेचा घोष तर आपण करूच नये. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली याच बडोदे शहरात, आमचा अकोटा आज ज्याचा भाग आहे तेथे, जातीपायी बिऱ्हाड मिळाले नाही. आणि नोकरी होती ती सयाजीराव महाराजांची! गोमंतकातील आपली देवालये पाहा. १९३३ च्या पोर्तुगीज नियमावलीनुसार महाजनपद जन्माने मिळते. त्या शंभर टक्के आरक्षणास मर्यादा घाला असे म्हणणारा कोणी आपल्या सभेत उठलेला मी पाहिला नाही.

माझी मागणी साधी आहे. ही मर्यादा निकालपत्रांतून काढून घटनेच्या अनुच्छेद १५ व १६ मध्ये स्पष्ट शब्दांत लिहा. (अनुशेषाच्या संदर्भात २००० साली तिचा ओझरता उल्लेख तेथे झालाच आहे.) ते दहा टक्के तिच्या आत मोजा. अपवाद कोणता, तोही तेथेच सांगा. नाहीतर तामिळनाडूचे एकोणसत्तर टक्के नवव्या अनुसूचीच्या आड उभे राहतात, आणि महाराष्ट्र विधानमंडळ २०२४ साली पुन्हा दहा टक्क्यांचा कायदा करते.

हे अवघड आहे म्हणाल, तर दुर्बलांच्या आरक्षणाची १०३ वी घटनादुरुस्ती जानेवारी २०१९ मध्ये लोकसभेने आठ तारखेस आणि राज्यसभेने नऊ तारखेस संमत केली होती.