धावांची यादी कशी वाचावी?

विद्यार्थी मित्रांनो, क्रिकेटची मोठी स्पर्धा संपली की वर्तमानपत्रात सर्वाधिक धावा करणाऱ्या खेळाडूंची यादी छापून येते. आपण पहिले नाव पाठ करतो आणि बाकीची विसरून जातो. मला वाटते, यादी वाचण्याची ही रीत अपुरी आहे.

एक उदाहरण पाहा. 2024 साली दक्षिण आफ्रिकेत 19 वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा झाली. तिच्या यादीत भारताचा कर्णधार उदय सहारन 397 धावा काढून पहिला आला. मुंबईच्या मुशीर खानने दोन शतकांसह 360 धावा केल्या, तो दुसरा. त्यांच्या मागे दोन ऑस्ट्रेलियन खेळाडू होते. पाचवा होता आपल्या बीडचा सचिन धस. त्याच्या धावा 303.

तुम्ही म्हणाल, पाचवा म्हणजे काही पहिला नव्हे. खरे आहे. पण आता उपांत्य सामना आठवा. यजमान दक्षिण आफ्रिकेने 244 धावा केल्या होत्या. उत्तरादाखल खेळताना भारताचे 4 गडी अवघ्या 32 धावांत बाद झाले. अशा वेळी सचिन मैदानात उतरला. त्याने 95 चेंडूंत 96 धावा केल्या. दुसऱ्या बाजूला उदय धीराने उभा राहिला. त्याने 124 चेंडूंत 81 धावा काढल्या. दोघांनी मिळून 171 धावांची भागीदारी केली. शेवटी राज लिंबानीने नाबाद 13 धावा केल्या आणि भारत 2 गडी राखून जिंकला.

याच स्पर्धेत सचिनने नेपाळविरुद्ध 116 धावा केल्या होत्या. यादीच्या हिशेबात 116 मोठे आणि 96 लहान. लिंबानीच्या 13 धावांना तर तिथे जागाच नाही. धावा किती झाल्या, एवढेच यादी सांगते. त्या कोणत्या वेळी झाल्या, हे ती सांगत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. यादीतले पहिले दोघे भारताचे होते, पण अंतिम सामना जिंकून विश्वचषक नेला ऑस्ट्रेलियाने!

बीडमध्येच जन्मलेले संजय बांगर यांचीही गोष्ट अशीच आहे. 2002 साली इंग्लंडमधील लीड्स येथे भारताने कसोटी सामना एक डाव आणि 46 धावांनी जिंकला. त्या सामन्यातील द्रविड, तेंडुलकर आणि गांगुली यांची शतके सर्वांना आठवतात. पण चेंडू नवा असताना सलामीला येऊन बांगर यांनी 68 धावा केल्या होत्या. पुढच्या शतकांचा पाया त्या 68 धावांनी घातला.

याचा अर्थ यादी खोटी असते, असा नाही. उदयच्या 397 धावांमागे अनेक सामन्यांतील सातत्य आहे. त्या मेहनतीचा मान राखलाच पाहिजे. माझे म्हणणे एवढेच, की आकडा वाचल्यावर एक प्रश्न जरूर विचारा : संघाला गरज होती, तेव्हा कोण उभा राहिला?

मित्रांनो, निकालाच्या दिवशी आपण वर्गातही अशीच यादी वाचतो. पहिल्या मुलाचे कौतुक व्हावे, हे योग्यच. पण घरी कोणी आजारी असताना अभ्यास न सोडणारी मुलगी किंवा मित्राला गणित समजावून त्याची भीती घालवणारा मुलगा त्या यादीत कितव्या क्रमांकावर असतो? कदाचित विसाव्या. म्हणून त्यांची किंमत कमी होत नाही.

तुमचे नाव यादीत वर यावे, यासाठी अवश्य झटा. मात्र ते खाली आले, तर खचून जाऊ नका. 4 बाद 32 अशी वेळ प्रत्येकाच्या आयुष्यात कधी तरी येते. त्या वेळी बॅट घट्ट धरून उभे राहायला शिका.