विमानांना वाट दाखवणाऱ्यांची झोप का उडाली? अमेरिकेतली ‘रॅटलर’ ड्युटी काय आहे?

23 मार्च 2011. मध्यरात्र उलटली होती. वॉशिंग्टनच्या रेगन नॅशनल विमानतळावर दोन प्रवासी विमानं टॉवरच्या मदतीशिवाय उतरली. वैमानिक संपर्क करत होते, पण टॉवरमध्ये एकटाच असलेला कंट्रोलर झोपला होता. त्याची ही सलग चौथी रात्रपाळी होती.

या घटनेनंतर अमेरिकेत हवाई वाहतूक नियंत्रकांच्या, म्हणजे एटीसीच्या, ड्युटीवर मोठी चर्चा झाली.

‘रॅटलर’ म्हणजे काय?

अनेक कंट्रोलर 2-2-1 पद्धतीने काम करतात. आधी दोन दिवस दुपारची पाळी, मग दोन दिवस सकाळची आणि शेवटी एक रात्रपाळी. उलटून डसणाऱ्या रॅटलस्नेक सापावरून हिला ‘रॅटलर’ म्हणतात.

आधीच्या 9 तासांच्या नियमातलं उदाहरण बघा. मंगळवारी रात्री 10 ला सुटलात, की बुधवारी सकाळी 7 ला हजर. गुरुवारी दुपारी 2 ला सुटलात, की त्याच रात्री 11 ला पुन्हा कामावर. कागदावर 9 तासांची विश्रांती. त्यातून प्रवास, जेवण, घरची कामं वजा केली तर झोपेला उरायचं किती?

शरीराला का झेपत नाही?

रोज थोडं उशिरा झोपणं शरीराला जमतं, रोज लवकर झोपणं जड जातं. इथे नेमकं तेच करावं लागतं. दुपारी झोप लागत नाही आणि पहाटे सतर्कता सगळ्यात कमी असते. अशा वेळी एका चुकीवर शेकडो जीव अवलंबून आहेत, हा ताणही डोक्यावर असतो.

मग कंट्रोलर हे का स्वीकारतात?

कारण आठवड्याच्या शेवटी जवळपास 80 तास सलग सुट्टी मिळते. घरच्यांसोबत राहायला तेवढाच वेळ.

नियम बदलले का?

हो. 2011 मध्ये अमेरिकेच्या एफएए या नियामक संस्थेने दोन पाळ्यांमधली किमान विश्रांती 8 वरून 9 तास केली. एप्रिल 2024 मध्ये ती 10 तास आणि रात्रपाळीआधी 12 तास करण्याची घोषणा झाली.

अडचण माणसांची आहे. कंट्रोलर कमी असल्याने अनेक केंद्रांवर ओव्हरटाइम आणि आठवड्याचे सहा दिवस काम चालतं. नवा कंट्रोलर पूर्ण तयार व्हायला काही वर्षं लागतात. तोवर वाढलेल्या विश्रांतीचा भार उरलेल्यांच्या सुट्टीवरच पडणार.